दोघांची लीग

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, लँड्स एंडपासून सुमारे ४५ किलोमीटर आत समुद्रात सिली नावाचा द्वीपसमूह आहे. तिथल्या फुटबॉल लीगचा गुणतक्ता वाचायला फारसा वेळ लागत नाही, कारण त्यात दोनच ओळी असतात. एका ओळीत गॅरिसन गनर्स, दुसरीत वूलपॅक वाँडरर्स. जो पहिला नाही, तो शेवटचा. हंगामभर रविवारी सकाळी हेच दोन संघ एकाच मैदानावर एकमेकांशी खेळतात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. हंगामात लीगचे असे सोळा ते वीस सामने होतात. जगातली सर्वांत छोटी फुटबॉल लीग म्हणून तिचं नाव घेतलं जातं आणि त्याला हरकत घेण्यात अर्थही नाही. याहून छोटी लीग करायची तर एका संघाला स्वतःशीच खेळावं लागेल.

या लीगची बातमी बहुतेक वेळा गमतीजमतीच्या सदरात येते. २००८ साली आदिदास कंपनीने तिच्यावर जाहिरातही केली होती आणि तीत डेव्हिड बेकहॅम, स्टीव्हन जेरार्ड यांच्यासारखे बडे खेळाडू होते. पण गंमत बाजूला ठेवून पाहिलं, तर लीग म्हणजे नेमकं काय, ती टिकते कशावर आणि मोडते कशामुळे, हे समजून घ्यायला सिलीइतकं सोयीचं ठिकाण शोधून सापडणार नाही. मोठ्या लीगमध्ये पैसा, प्रक्षेपण, जाहिराती आणि बदल्यांच्या गदारोळात खेळाचा जो सांगाडा दिसेनासा होतो, तो इथे उघडाच आहे.

आधी बेटांबद्दल. सिली समूहातल्या पाचच बेटांवर कायमची वस्ती आहे: सेंट मेरीज, ट्रेस्को, ब्रायर, सेंट मार्टिन्स आणि सेंट ॲग्नेस. एकूण क्षेत्रफळ सोळा चौरस किलोमीटरच्या आसपास आणि लोकसंख्या दोन हजारांच्या घरात. त्यातले बहुसंख्य लोक सेंट मेरीजवर राहतात. तिथलं ह्यू टाउन हे मुख्य गाव जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं आहे. गावाच्या दोन्ही अंगांना समुद्र आणि पश्चिमेला गॅरिसन नावाची टेकडी. स्पॅनिश आरमाराच्या धास्तीने १५९३ साली या टेकडीवर आठ टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचा एक किल्ला बांधला गेला. नंतर अठराव्या शतकात टेकडीभोवती तटबंदी आणि तोफांचे बुरूज उभे राहिले. आज किल्ल्यात हॉटेल आहे आणि तटबंदीच्या आत फुटबॉलचं मैदान. गॅरिसन नाव टेकडीचं, वूलपॅक तिथल्याच एका बुरुजाचं. म्हणजे दोन्ही संघांचा पत्ताही एकच.

सुरुवातीपासून असं नव्हतं. १९२०च्या दशकात ट्रेस्को, ब्रायर आणि सेंट मेरीज यांचे वेगवेगळे संघ होते आणि लायनेस नावाच्या चषकासाठी ते आपसात लढत. लायनेस हा दंतकथेतला प्रदेश. कॉर्नवॉल आणि सिली यांच्या मधोमध तो होता आणि एका रात्रीत बुडाला, अशी समजूत आहे. कथेतला बाकीचा भाग सोडून दिला तरी पाणी चढलं हे खरं आहे. आजच्या सिलीतली बरीचशी बेटं काही हजार वर्षांपूर्वी एकाच मोठ्या बेटाचा भाग होती आणि ओहोटीच्या वेळी वाळूतून जुन्या बांधांचे दगड अजूनही दिसतात. चषकाचे दावेदारही असेच ओसरत गेले. लहान बेटांवरची माणसं कमी झाली, अकरा तरणी पोरं एका वेळी मैदानात उतरवणं जमेना आणि १९५०च्या दशकात बेटाविरुद्ध बेट ही स्पर्धा बंद पडली. उरलं एकटं सेंट मेरीज.

इथे बेटावरच्या लोकांपुढे खरा पेच होता. आमच्याकडे खेळाडू आहेत, मैदान आहे, हौस आहे, पण समोर कोणी नाही. मुख्य भूमीवरच्या लीगमध्ये जावं, तर दर पंधरा दिवसांनी संघाने समुद्र ओलांडायचा आणि मधल्या पंधरवड्यात पाहुण्यांनी. हे ना वेळेत बसणारं, ना खिशात. तेव्हा त्यांनी एकाच बेटाचे दोन भाग केले. रेंजर्स आणि रोव्हर्स असे दोन संघ झाले. १९८४ साली त्यांची नावं बदलून गनर्स आणि वाँडरर्स झाली. बाहेरून प्रतिस्पर्धी येत नाही म्हटल्यावर त्यांनी तो घरातच तयार केला.

हा हंगाम चालतो हिवाळ्यात, आणि त्यामागचं कारण पोटापाण्याचं आहे. सिलीचं मुख्य उत्पन्न पर्यटनाचं. वसंतापासून शरदापर्यंत पेन्झन्सहून सिलोनियन नावाची प्रवासी बोट पाहुणे घेऊन येते आणि त्या काळात नावाडी, हॉटेलातले आचारी, दुकानदार, कोणालाही श्वास घ्यायला फुरसत नसते. नोव्हेंबरच्या सुमारास ही बोट बंद होते आणि गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. हिवाळ्यात हाताला काम असतं ते फुलशेतीचं. इथली हवा इंग्लंडच्या मानाने उबदार, बर्फ आणि कडाक्याचा गारठा क्वचित. त्यामुळे सोलेई दॉर जातीचं पिवळं, सुवासिक नार्सिसस इथे ऐन थंडीत फुलतं आणि खोक्यांत भरून इंग्लंडभर जातं. अटलांटिकवरून येणारा वारा मात्र कोणाची गय करत नाही. उंच मारलेला चेंडू कुठे पडेल याचा निर्णय पायाइतकाच वाराही घेतो. अशा हवेत, आठवडाभर राबलेली माणसं रविवारी सकाळी टेकडी चढून मैदानावर येतात.

हंगामाच्या तोंडावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडते, आणि ती चेंडूला पाय लागण्याच्या आधीच. दोन्ही कर्णधार बसतात आणि उपलब्ध खेळाडूंतून आळीपाळीने एकेक नाव उचलतात. आपल्याकडे गल्लीत क्रिकेटच्या आधी गडी वाटून घेतात, तसंच. या यादीत नुकती शाळा सोडलेली पोरं असतात, तसेच पन्नाशी ओलांडलेले गृहस्थही. गेल्या वर्षी गनर्सकडून गोल मारणारा यंदा वाँडरर्सच्या वाट्याला येऊ शकतो. एरवी क्लब म्हणजे पिढीजात निष्ठा, आपले आणि परके यांच्यातली पक्की भिंत. इथे भिंत दरवर्षी नव्याने बांधली जाते आणि कोण कुठल्या बाजूला, हे त्या बैठकीत ठरतं. नावं आणि जर्सी तेवढ्या कायम.

दोनच संघ असले की गुणतक्त्याचंही गणित वेगळं होतं, आणि ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, ही पद्धत इंग्लंडने १९८१मध्ये स्वीकारली आणि १९९४पासून ती विश्वचषकातही आली. त्याआधी विजयाला दोनच गुण होते. बदल करण्यामागचा हेतू साधा होता: बरोबरी महाग करायची. दोन संघ आपसात बरोबरी साधून एकेक गुण घेऊन निघाले, तर त्याच दिवशी दुसरीकडे जिंकलेला तिसरा संघ तीन गुण घेऊन पुढे सरकतो. म्हणून बचाव करत बसण्यापेक्षा धोका पत्करा.

आता हाच नियम दोघांच्या लीगला लावून पाहू. समजा सोळा सामने झाले. एकाने सात जिंकले, दुसऱ्याने पाच, चार बरोबरीत सुटले. आजच्या पद्धतीने गुण होतात २५ आणि १९. जुन्या पद्धतीने १८ आणि १४. फरकाचा आकडा बदलला, क्रम बदलला नाही, आणि कोणतीही आकडेवारी घेतली तरी तो बदलणार नाही. बरोबरीचे गुण दोघांनाही सारखेच मिळतात, त्यामुळे ते एकमेकांना छेदतात. शेवटी उरतो एकच हिशेब: जास्त सामने कोणी जिंकले? बरोबरी इथे महाग पडत नाही, कारण तिचा फायदा उठवणारा तिसरा कोणी नाही. गोलफरकाचंही तेच. एकाचा अधिक सात असेल, तर दुसऱ्याचा उणे सातच असणार. दुसऱ्या मैदानावरच्या निकालावर आपलं नशीब लटकलंय, रेडिओला कान लावून बसलोय, हा लीग फुटबॉलचा नेहमीचा अनुभव सिलीत येऊच शकत नाही. तक्ता म्हणजे आरसाच: एका ओळीतलं सगळं दुसरीत उलटं दिसतं.

त्यातून एक धोकाही निघतो. वीस संघांच्या लीगमध्ये अव्वल संघ सुसाट सुटला, तरी खाली सहाव्या जागेची, पदावनतीची, शेजारच्या गावाशी असलेल्या वैराची लढाई चालूच राहते. प्रेक्षकाला कुठे ना कुठे जीव गुंतवायला जागा असते. दोघांच्या लीगमध्ये एक सुटला की अख्खा हंगाम सुटला. सलग सहा सामने हरलेल्या संघाच्या खेळाडूंना सातव्या रविवारी अंथरुण सोडवेना, तर पुढे काय? नियमाप्रमाणे एका बाजूला किमान सात जण नसतील तर सामना सुरूच होऊ शकत नाही. म्हणजे हरणारा कंटाळला की जिंकणाऱ्याचाही खेळ संपला. कर्णधारांची ती बैठक म्हणून केवळ रीतभात नाही, लीगचा प्राण तिच्यात आहे. गडी नीट वाटले गेले, तरच मार्चपर्यंत चुरस टिकते.

एका अमेरिकन अर्थतज्ज्ञाने नेमकी हीच गोष्ट व्यावसायिक खेळाबद्दल लिहून ठेवली आहे. वॉल्टर नील यांचा खेळांच्या विचित्र अर्थकारणावरचा लेख १९६४ साली प्रसिद्ध झाला. उदाहरण घेतलं होतं मुष्टियुद्धाचं. जो लुई हा हेवीवेट विजेता. १९३६मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला हरवलं आणि १९३८च्या परतीच्या लढतीत लुईने त्याला पहिल्याच फेरीत लोळवलं. नील विचारतात: लुईला कशात फायदा होता? साबण विकणाऱ्या कंपनीला विचाराल तर ती म्हणेल, स्पर्धक जितका दुबळा तितकं बरं. अजिबात नसला तर उत्तमच. पण लुईला श्मेलिंग हवाच होता, आणि तोही तगडा. तो नसता तर लढत नसती, लढत नसती तर तिकिटं नसती, विजेतेपदही नसतं. खेळात प्रतिस्पर्ध्याला बाजारातून उठवणं म्हणजे स्वतःचं दुकान बंद करणं.

मोठ्या लीगना हे कळलेलं आहे, निदान काहींना. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलने १९३६पासून महाविद्यालयीन खेळाडूंची निवड उलट्या क्रमाने सुरू केली: गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पसंती. आपल्या आयपीएलमध्ये लिलावासाठी प्रत्येक संघाच्या थैलीला कमाल मर्यादा असते, ती याचसाठी. युरोपातल्या फुटबॉलने मात्र सहसा असा लगाम घातला नाही. जिंकणाऱ्याला जास्त बक्षीस, त्यातून चांगले खेळाडू, त्यातून पुन्हा विजय, हे चक्र फिरत राहिलं आणि जर्मनीत बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा विजेतेपदं मिळवली. सिलीतल्या दोन कर्णधारांना ही चैन परवडणारी नाही. त्यांच्या यादीत बदली खेळाडूला देखील दुसरा पर्याय नसतो.

आणि ही यादी लांबवणंही त्यांच्या हातात नाही. बेटांवर शिक्षणाची सोय सोळाव्या वर्षापर्यंतच आहे. पुढे शिकायचं तर मुलामुलींना मुख्य भूमीवर जाऊन राहावं लागतं. म्हणजे ज्या वयात पायात ताकद येते, त्याच वयात पोरं बोटीत चढतात. काही परततात, काही तिकडेच स्थिरावतात, कारण बेटांवर घरं थोडी आणि महाग. त्यांची जागा कामानिमित्त बाहेरून आलेल्या माणसांनी भरावी लागते. तरणी पोरं गेली म्हणून १९५०च्या दशकात लहान बेटांचे संघ मोडले. तीच टांगती तलवार आता सेंट मेरीजवर आहे, फक्त दोरी थोडी जाड.

दोघांत खेळायचं म्हणून ही मंडळी सरंजामात कुठे कमी पडत नाहीत. हंगामाची सलामी चॅरिटी शील्डने होते. लीगशिवाय दोन चषक आहेत. त्यांपैकी फोरडेक कपचा निकाल दोन सामन्यांच्या एकत्रित गोलांवर लागतो. एरवी असे दोन सामने खेळतात ते एक आपल्या घरी आणि एक त्यांच्या घरी व्हावा म्हणून. इथे दोघांचंही घर तेच, तरी सामने दोन. बाहेरचं वारं लागतं ते दोन्ही संघांतले निवडक खेळाडू एकत्र येऊन मुख्य भूमीवरच्या ट्रूरो शहरातल्या डायनॅमो चफ्स संघाशी खेळतात तेव्हा. तो चषक लायनेसचाच. दर रविवारी एकमेकांच्या नडग्या फोडणारे त्या दिवशी एकाच बाजूने उभे असतात.

सगळीच बेटं असा मार्ग घेत नाहीत. त्याच ब्रिटनच्या दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज बेटं आहेत. तिथल्या ल्यूइस आणि हॅरिस लीगमध्ये नेस, बॅक, पॉइंट, कार्लोवे, लॉख्स अशा गावोगावच्या संघांची खरीखुरी चुरस आहे. पण तिचं पंचांग सिलीच्या नेमकं उलट. हिवाळ्यात तिथे दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वादळं दाराशीच असतात, म्हणून हंगाम उन्हाळ्यात. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, त्यामुळे कामावरून परतल्यावर संध्याकाळी सामने होतात. आणि रविवारी खेळ नाही. तिथे फ्री चर्चचा प्रभाव मोठा आणि रविवार देवाचा. ल्यूइसवरच्या स्टॉर्नोवे बंदराला रविवारची बोट पहिल्यांदा सुरू झाली तीच २००९मध्ये, आणि तीही मोठ्या विरोधानंतर. सिलीत रविवार म्हणजे सामना, ल्यूइसमध्ये रविवार म्हणजे सामना नाही. दोन्हीकडे खेळाने तिथल्या माणसांच्या आठवड्यात आपली जागा शोधली, इतकंच. याच साखळीत दक्षिणेला दीडशेच्या आसपास वस्तीचं एरिस्के बेट आहे. त्याच्या चढउताराच्या, मेंढ्या चरणाऱ्या मैदानाची दखल खुद्द फिफाने जगातल्या आगळ्या मैदानांत घेतली.

इंग्लिश खाडीतल्या बेटांनी तिसरी वाट धरली. ती बाहेर पडली. गर्न्सी एफसी हा क्लब २०११मध्ये इंग्लंडच्या लीगच्या खालच्या पायरीवर दाखल झाला, पण इंग्लंडहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्या संघाच्या प्रवासाचा खर्च आपण उचलू, या बोलीवर. इथे तर प्रतिस्पर्धी अक्षरशः विकत घ्यावा लागतो. शेजारच्या जर्सी बुल्सने २०१९-२० या आपल्या पहिल्याच हंगामात लीगचे २७ सामने खेळले आणि सगळेच्या सगळे जिंकले. मग कोविडची साथ आली, हंगाम रद्द ठरवला गेला आणि सत्तावीस विजय नोंदींतून पुसले गेले. एकतर्फी वर्चस्वाला काळाने दिलेली ही शिक्षा म्हणावी, तर ती फारच निष्ठुर होती.

या सगळ्यांत सिलीशी तुलना करायला खरं योग्य बेट आहे ते ऑल्डर्नी. लोकसंख्या तीच, दोन हजारांच्या घरात. हे बेट १९०५पासून मुराटी चषकासाठी गर्न्सी आणि जर्सी यांच्याशी लढतं. गर्न्सीची लोकसंख्या साठ हजारांहून जास्त, जर्सीची लाखाच्या वर. इतक्या मोठ्या शेजाऱ्यांपुढे ऑल्डर्नीने हा चषक एकदाच जिंकला, १९२० साली. तरीही ते खेळत राहिलं, आणि त्या एका विजयाचा अभिमान त्या बेटावर शंभर वर्षं पुरला. दोन हजार माणसांनी काय करावं याची ही दोन उत्तरं. ऑल्डर्नीने आपलं बेट एकसंध ठेवलं आणि हरणं पत्करलं. सिलीने जिंकण्याची संधी दोघांनाही मिळावी म्हणून बेटच दोन भागांत वाटलं.

कुठलं उत्तर बरोबर, हे ठरवायची गरज नाही. ऑल्डर्नीच्या वाटेला एक असा दिवस आहे, जो सिलीला कधीच लाभणार नाही: आपल्याहून कितीतरी पटींनी मोठ्यांना हरवल्याचा. सिलीच्या वाटेला दर आठवड्याला तुल्यबळ सामना आहे, जो ऑल्डर्नीला मिळत नाही. पण हंगाम म्हणजे नुसता एक दिवस नव्हे, तो महिनोन्महिने चालवावा लागतो, आणि तो कसा चालवावा हे शिकायचं तर सिलीकडेच पाहावं लागतं. इतरत्र विजेत्याला बक्षीस म्हणून पैसा मिळतो, वरची पायरी मिळते, पुढच्या वर्षी आणखी बलवान होण्याची सोय मिळते. सिलीत विजेत्याला मिळतो तो पुढच्या ऑक्टोबरात आपल्या तोडीस तोड निवडलेला प्रतिस्पर्धी, आणि त्यासाठी आपला जिंकलेला संघ मोडून पुन्हा वाटून घ्यायची त्याची तयारी असते.